साडूच्या रथाचे टायर

२०२२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि तोवर माझा गोठा माझाच होता. दोन बैल, दोन म्हशी, एक कालवड, कोपऱ्यात कडबा कुट्टीची मशीन आणि वर नवे पत्रे. त्या उन्हाळ्यात माझा साडू त्याचा रथ घेऊन दारात आला आणि म्हणाला, "साडू, फकस्त दोन महिन्याचा प्रश्न हाय. निवडणूक लागली की काढून नेतो." कालवड होती तिची गाय झाली, त्या गाईलाही कालवड झाली, रथ काही हलला नाही.

रथ म्हणजे देवाचा रथ नव्हे. एका शाळेनं मोडीत काढलेली लहानी बस होती ती, मागं जोडचाकं असलेली. साडूनं ती घेतली, बाकडी काढून टाकली, आत लोखंडी पलंग घातला, गॅसची शेगडी मांडली, हात धुवायला बेसिन लावलं आणि छताला माणूस कंबरेपर्यंत बाहेर येईल एवढं भोक पाडलं. खाली एक स्टूल. त्या स्टुलावर चढायचं, भोकातून वर निघायचं आणि हात जोडत गावोगाव फिरायचं. आतच जेवायचं, आतच झोपायचं. जिल्हा परिषदेला तो दोनदा उभा राहिला, दोन्हीदा अपक्ष, आणि दोन्हीदा पडला. दुसऱ्या बारीला त्याला कपबशी हे चिन्ह मिळालं होतं. ते रथाच्या दोन्ही अंगांना मोठ्या रंगात काढलेलं अजून आहे. रस्त्यानं जाणारी माणसं गोठा बघून थांबतात आणि विचारतात, "आबा, दोन चहा मिळतील का?" मी नाही म्हणून म्हणून थकलो. माझी मालकीण आता काहींना खरंच चहा करून देते. मतं तर गेली, निदान कपबशी तरी खरी करू, म्हणते.

त्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर तो ह्याचं पोस्टर करून पारावर लावील. माझ्या मालकिणीची धाकटी बहीण त्याला दिलेली. तिला आम्ही सगळे धाकलीच म्हणतो, साठी उलटली तरी. आणि त्याला आम्ही पुढारी म्हणतो. मी तोंडावरही तसंच म्हणतो. त्याला ते चिडवणं आहे हे कधी कळलं नाही. पहिल्यांदा म्हणलो तर छाती काढून म्हणाला, "अजून न्हाई साडू, पर व्हनार."

दुसऱ्या बारीला तो कावून, म्हणजे कशामुळं पडला, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. त्याला एकट्याला वेगळंच ठाऊक आहे. तो म्हणतो, टायरनं पाडलं.

ही टायरची गोष्ट मला सांगावीच लागेल, कारण मी त्या दिवशी रथात होतो. पहिल्या निवडणुकीनंतर पाच वर्षं रथ त्याच्या खळ्यावर उन्हात उभा होता. वरून टायर नवे दिसत होते, नक्षी जशीच्या तशी. पण बाजूनं बारीक भेगा पडल्या होत्या, उन्हाळ्यात टाचेला पडतात तशा. मी निघायच्या आधी बोट लावून दाखवलं होतं. म्हणलो, "पुढारी, हे बघा." तो म्हणाला, "नक्षी बघा साडू, नक्षी." मी शिकलेला नाही, पण भेग मला कळते. ऐकलं नाही.

प्रचार बंद व्हायच्या शेवटच्या दिवशी आम्ही चकलांब्याच्या सभेला निघालो. तो वर भोकात, मी ड्रायव्हरच्या शेजारी, भोंगा चालू. अर्ध्या वाटेवर मागचं टायर असं फुटलं की बाजूच्या कापसातली माणसं उठून उभी राहिली. एकजण ओरडला, "अजून मतदान न्हाई अन् फटाके कोन उडवायलंय बे?" जोडीचं दुसरं टायर थोडं चाललं, मग तेही बसलं. खालून जास्तीचं चाक काढलं. त्यात हवा भरायला घेतली तर त्यानं शीळच घातली.

ड्रायव्हर दुसरं टायर आणायला गेला, तो येईपर्यंत बाभळीखाली बसलो. मी बसलो, तो बसला नाही. तो परत स्टुलावर चढला, भोकातून वर आला आणि चकलांब्याला करायचं भाषण त्यानं तिथंच चालू केलं. समोर एक मेंढका, त्याच्या मेंढ्या आणि मी. मेंढक्यानं काठीला टेकून सारं ऐकलं. झाल्यावर विचारलं, "सायेब, प्यायला पानी हाय का?" पुढाऱ्यानं त्याला स्वतःच्या हातानं पाणी दिलं आणि मला कानात म्हणाला, "हे एक पक्कं झालं." मी त्या माणसाला गाव विचारलं. तो नगर जिल्ह्यातला होता.

चकलांब्याला पोचलो तेव्हा प्रचाराची वेळ संपलेली. भोंगा लावता येईना, बोलता येईना. पुढारी तरी मंचावर जाऊन उभा राहिला, नुसता, हात जोडून. मंडपवाला आला आणि म्हणाला, "सायेब, जरा बाजूला सरकता का, गालिचा गुंडाळायचाय." तो सरकला. पायाखालून गालिचा गेला तरी हात जोडलेलेच होते.

आणि निवडणुकीत दणकून पडला. काठावर पडला असता तर मीही टायरला दोष दिला असता. मी त्याला पुष्कळदा सांगितलं, "पुढारी, त्या दिवशी चकलांब्याला समोरच्याचं जेवान व्हतं. आपल्या मंडपात दोन कुत्रे व्हते, ते बी जेवून आलते."

"साडू, तुमाला राजकारन कळत न्हाई. वेळेवर पोचलो असतो तर लाट फिरली असती."

"लाट न्हाई फिरली. मटन फिरलं."

तो ऐकून घेतो आणि टायरकडं बघतो. ज्याला लोकांवर रागवता येत नाही तो रबरावर रागवतो, दुसरं काय.

म्हणून नव्या निवडणुकीसाठी त्यानं सगळे टायर नवे टाकले आणि उन्हाच्या भीतीनं रथ माझ्या पत्र्याखाली आणला. इथून माझे हाल सुरू झाले.

टायर कसे जपायचे हे तो मोबाईलवर शिकला. गोऱ्या लोकांचे व्हिडिओ. तिकडं म्हणे माणसांची घरंच्या घरं चाकावर असतात, थंडीत सहा सहा महिने एका जागी उभी करतात, आणि टायरला टोप्या घालतात. त्याला त्यांची भाषा कळत नव्हती. हातवारे बघून शिकला. तो गोरा माणूस टायरखाली फळी सारतो, हा माझ्या गोठ्यात फळ्या सारतो. फळ्या कुठल्या, तर माझ्या जुन्या दाराच्या. मी दार जपून ठेवलं होतं. म्हणलो, "माझं दार कावून?" म्हणाला, "वली जमीन टायर पिती, साडू. लाकडावर बसलं की निवांत असतं." जमीन टायर पिते की टायर जमीन पितं हे मला आजही कळलेलं नाही, आणि त्यालाही नसावं.

मग टोप्या. टोप्या काही गेवराईला मिळाल्या नाहीत. एक दिवस येताना त्यानं गाठोडं आणलं आणि धाकलीची जुनी लुगडी एकेका चाकाला गुंडाळली. कमी पडली तशी माझ्या मालकिणीकडं आला. ती म्हणाली, "माझं लुगडं त्या चाकाला? मंग मला काय टायर नेसवता का?" तरी दोन दिली, बहिणीचा नवरा म्हणून. लाल काठाची, हिरवी, एक जरीची. रस्त्यावरून बघितलं तर गोठ्यात बायका ओळीनं पाठमोऱ्या बसल्यात असं दिसायचं. तलवाड्याच्या बाजाराहून येणारे लोक सायकली थांबवून विचारायचे, "आबा, ह्या वयात किती ठेवल्यात?" मी त्या रस्त्याला मान खाली घालून कधी चाललो नव्हतो. त्या लुगड्यांनी चालायला लावलं.

म्हशीचं मूत टायरला लागलं तर रबर जळतं, असं त्यानं ठरवलं. म्हशी बाहेर गेल्या. पावसाळ्यात माझ्या म्हशी लिंबाखाली भिजत उभ्या आणि ह्याचे टायर पत्र्याखाली लुगडी नेसून बसलेले. दुधावर परिणाम झाला. त्याला सांगितलं तर म्हणाला, "निवडून आलो की पैला ठराव तुमच्या गोठ्याचा."

पण खरं भांडण झालं ते कडबा कुट्टीवरून. मी मशीनचं बटण दाबलं तर हा पळत आला.

"बंद करा, बंद करा ती मोटार."

"कावून?"

"मोटारीत ठिनग्या पडत्यात. त्यातून एक वास निघतो. दिसत न्हाई, पर त्यो रबराला खातो."

"मंग म्हशीला काय घालू, तुमचं भाषन?"

"साडू, हसायचं काम न्हाई. त्या माणसानं दाखवलंय."

"त्या गोऱ्याला म्हनावं, दोन म्हशी सांभाळ अन् मंग दाखव."

तो मशीनपुढं आडवा उभा राहिला. धोतर वर खोचून, हात पसरून. मी म्हातारा माणूस, माझा साडू माझ्या मशीनपुढं आडवा. मालकीण ओसरीवरून बघत होती. मी बटण बंद केलं आणि त्याच्याशी पंधरवडाभर बोललो नाही. तो मात्र रोज येऊन बोलायचा, माझ्याशी नाही तर टायरशी. शेवटी मशीन बाहेर काढून वर ताडपत्री टाकली. भिजून तिची पट्टी गेली. आता कुट्टी विळ्यानं करतो. एक मात्र कबूल करावं लागेल, पुढं एका टायरवाल्याला मी उगीच विचारलं तर तो म्हणाला, मोटारीच्या वासानं रबर खराब होतं हे खरं आहे. मी हे पुढाऱ्याला आजवर सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.

हवेचं वेगळं. उभ्या गाडीच्या टायरात हवा जरा जास्तच पाहिजे, हे त्याचं म्हणणं. पायानं दाबायचा पंप आणला होता. तो दाब बघणार, मी दाबणार. वॉल्वला थुंकी लावून बुडबुडा येतो का बघायचा, कान लावून ऐकायचा. त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं, "गाडी चालून मरत न्हाई, उभी राहून मरती." हे तो गोठ्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, दूधवाल्याला, जनावरांच्या डॉक्टरला. डॉक्टर एकदा म्हणाला, "आबा, यांना काही होतंय का?" मी म्हणलो, "निवडणूक व्हत न्हाई, ते व्हतंय."

आणि महिन्यातनं एकदा रथ हलवायचा. कारण एका जागी बसलं की टायर खालून चपटं होतं आणि मग आयुष्यभर थडथडतं. इंजन चालू करून हलवला असता तर काय झालं असतं? पण नाही, बॅटरी काढून घरी नेऊन ठेवलेली. मग माझे बैल. रथाला दोर बांधायचा, बैल जुंपायचे आणि रथ हातभर पुढं ओढायचा. पुढच्या महिन्याला हातभर मागं. आता जो माणूस बैल हाणायला लागला पाहिजे, तो कुठं असायचा? तो स्टुलावर, भोकातून वर आलेला. म्हणायचा, "तोल बघायलोय." तोल बघता बघता त्याचे हात आपोआप जोडले जायचे. शेजारपाजारचे ते बघायला मुद्दाम यायचे. कुणी म्हणायचं, "पुढारी, आमच्या वस्तीवर कधी येनार?" दुसरा म्हणायचा, "ह्या चालीनं नातवाच्या काळात येतील." तो सगळ्यांना हात करायचा. इतक्या वर्षांत प्रचार हातभर पुढं गेला आणि हातभर मागं आला.

निवडणूक लागेना. कधी कोर्टात होती, कधी आरक्षणात अडकली, कधी पावसाळा आडवा आला. जिल्हा परिषदेत सदस्यच नव्हते, साहेब लोक कारभार बघत होते. पुढारी दर खेपेला नवी बातमी आणायचा आणि जुनंच बोलायचा, "दोन महिने धरा साडू." मी म्हणायचो, "तुमचे दोन महिने माझ्या मरणापर्यंत पुरत्याल."

एकदा मी त्याला टायरच्या बाजूला वाकून बसलेला बघितलं. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, कुठल्या वर्षी कुठल्या आठवड्यात केलं ते. त्यावर त्यानं अंगठा ठेवला होता, झाकल्यासारखा.

"काय झालं?" मी विचारलं.

"भेग न्हाई एक बी," तो म्हणाला. "ऊन न्हाई, वल न्हाई. तरी त्यो गोरा बोटं मोजून दावतो, वय झालं की झालं. सहा-सात वर्षं. न वापरता बी."

"मंग ह्ये सगळं कशाला करायलाव?"

"मंग काय करू?"

मी म्हशीला पाणी दाखवायला गेलो.

अखेर जिल्हा परिषदेच्या गटांच्या आरक्षणाची सोडत निघाली. त्या दिवशी तो दुपारी काळीपिवळीतून उतरला आणि गोठ्यात न जाता सरळ माझ्या बाजेवर येऊन बसला. टायरकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही, तेव्हाच मला कळलं.

"सुटला," तो म्हणाला.

"काय सुटलं?"

"गट. बायकांला सुटला."

मालकिणीनं पाणी दिलं. ते त्यानं हातातच धरलं.

माझ्या डोक्यात म्हशी होत्या. मी जे मनात होतं ते बोललो. "मंग आता बरं झालं. टायर काढा, इका, रथ भंगारात घाला. माझी जनावरं आत येऊ द्या."

"साडू, म्या सगळं केलं बघा. काय राह्यलं का सांगा. ऊन लागू दिलं का?"

"न्हाई."

"हवा कमी पडू दिली का?"

"न्हाई. माझ्या पायानं दाबलीय मी."

"मंग?" तो म्हणाला.

अशा वेळी त्याचा राग यायचा तो कुठं ठेवावा हे मला कळत नाही. एखादा माणूस चुकला तर त्याला शिव्या देता येतात. हा बसून नुसता 'मंग' म्हणत होता. चहा झाला, तो पिला नाही, उठून गेला.

त्यानंतर तो आलाच नाही. मी म्हशी आत घेतल्या. मागचं एक टायर हळूहळू बसायला लागलं. एकजण म्हणाला, "आबा, हवा गेली की." मी म्हणलो, "टायर माझे न्हाईत." पंपाला मी हात लावला नाही. चार वर्षं दुसऱ्याच्या टायरसाठी पाय झिजवले होते, मला काही कमीपणा वाटला नाही.

मग पोळा आला. साडूनं बैल कधीच विकलेले, म्हणून दोघं दरसाल पोळ्याला आमच्याकडं येतात. आदल्या दिवशी सांजेला मी बैलांची खांदेमळण करत होतो. खांदे गरम पाण्यानं शेकायचे, लोणी आणि हळद लावून पळसाच्या पानानं चोळायचे आणि बैलाला सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. वर्षभर जू ओढलेल्या खांद्याचा तो मान असतो. मी हे बापाकडून शिकलो. ह्यात मी दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही.

धाकली गोठ्यात आली. मागं पुढारी, वाळलेला, दाढी वाढलेली. तो दावणीच्या दगडावर बसला.

"दाजी," धाकली म्हणाली, "मी उभी राहनार हाय."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? इलेक्शनला."

माझ्या हातातलं पळसाचं पान तसंच राहिलं. मालकीण भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन बाहेर आली. "तू? माईकवर बोलता येतं का तुला?"

"बाई, चाळीस वर्षं ह्यांचं ऐकलंय. काय बोलू नाही ते तर पाठ हाय."

मी पुढाऱ्याकडं बघितलं. "तुमी उभी केली व्हय?"

"ह्यांनी न्हाई," तीच म्हणाली. "हे सोडतीपसून भिंतीकडं तोंड करून बसायलेत. जेवा म्हनलं तर उठत न्हाईत. म्या म्हनलं, गट बायकांला सुटलाय ना, मंग मी कोन हाय? तर माझ्याकडं असं बघितलं की जसं पैल्यांदाच बघायलेत."

पुढारी दगडावरची माती नखानं खरवडत होता.

"एक सांगितलंय ह्यांना. रथात वर मी राहनार. हे खाली. स्टूल धरायचं."

"हालतं ते स्टूल," पुढारी म्हणाला. सोडतीनंतर मी त्याचं ऐकलेलं हे पहिलं वाक्य. "एक पाय तोकडा हाय त्याचा. धरावंच लागतं."

"दोन इलेक्शन मी घरी भाकरी थापल्या," धाकली म्हणाली. "कार्यकर्ते जेवून जायचे, मतं दुसरीकडं द्यायचे. मला बी बघायचंय एकदा, तितून वरून गाव कसं दिसतंय."

असं म्हणून तिनं माझ्या पुढ्यातली लोण्या-हळदीची वाटी उचलली. मला वाटलं बैलाला लावते. ती रथाकडं गेली. पुढच्या चाकाचं लुगडं सोडलं, आणि दोन्ही हातांनी टायरला लोणी चोळायला लागली.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. तेल, तूप, लोणी, ग्रीस, असलं काहीही रबराला लागलं की रबर फुगतं आणि सडतं, हे पुढाऱ्याचं सगळ्यात मोठं वेड. एकदा एक मेस्तरी टायर चमकवायला कसलंसं तेलकट पाणी घेऊन आला होता. पुढाऱ्यानं त्याची बाटली हिसकून उकिरड्यावर फेकली आणि त्याला अर्ध्या शिवारातून हाकलत नेलं. मी स्वतः एकदा वंगणाच्या हातानं रथाला टेकलो तर त्यानं माझा हात माझ्याच धोतराला पुसला होता.

आणि इथं त्याची बायको लोण्यानं टायर मळत होती, चांगलं दाबून, पोराच्या अंगाला लावतात तसं. हळदीचे ओघळ खाली फळीवर आले. ती चाकाला म्हणत होती, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. लई दिवस दावनीला काढले तुमी बी."

मी पुढाऱ्याकडं बघत होतो. मालकीणही बघत होती. तो दगडावरून उठला. दोन पावलं पुढं आला. त्याचा हात उठला तसा मला मेस्तरी आठवला, आणि मी मधे पडायच्या तयारीनं पान खाली टाकलं. धाकली लुगडी सोडत एका चाकावरून दुसऱ्यावर गेली, मग मागं गेली, जोडचाकाचं बाहेरचं टायर मळलं आणि हात झटकून उभी राहिली. तिचं तोंड फुललं होतं. कोपरापर्यंत पिवळी झाली होती.

पुढाऱ्याचा हात तसाच वर होता. त्यानं तो खाली आणला आणि बोट दाखवलं.

"अगं," तो म्हणाला, "मागचं आतलं राह्यलं."

ती वाकली आणि आत हात घालून तेही मळलं. मग दोघं ओसरीवर गेले, आणि तो पोटभर जेवला. दोनदा भाकरी मागून घेतली. मला मात्र घास गोड लागला नाही. गोठ्यात उंदरं काय कमी आहेत? लोण्याचा वास लागला की रबर कुरतडून टाकतील, भेग नसलेलं टायर उंदरानं खाल्लं असं त्या बाईला सांगायची पाळी येईल. पुढाऱ्याला बायकोपुढं तोंड उघडता येईना, आणि माझ्या मेव्हणीला मी कोण सांगणार की तुझी खांदेमळण चुकली?

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोळ्याची सकाळ, लोक बैल धुवायला नदीवर चालले होते आणि मला हाका मारत होते. माझे बैल दावणीलाच होते. दोघं नवराबायको उठायच्या आत मी बादली, साबणाची वडी आणि नारळाची शेंडी घेऊन गोठ्यात गेलो, म्हशी बाहेर बांधल्या आणि एकेक टायर घासून लोणी काढलं. मागच्या आतल्या चाकासाठी ह्या वयात पोटावर पडून रथाखाली शिरलो. हळद काही निघाली नाही, ती राहू दिली. बसलेल्या टायरात पंपानं हवा भरली, सगळ्यांना लुगडी परत गुंडाळली, आणि मग बैल सोडले.